अकरावं मिनिट

बाईंना आताशा ‘हो’ म्हणणं सोपं जायचं. ‘नाही’ म्हटलं की कारण सांगावं लागतं, कारण सांगितलं की समोरचा समजूत घालायला बसतो, आणि समजूत घालून घेण्याइतकाही दम बाईंच्यात उरला नव्हता. म्हणून नाट्यगृहाचे व्यवस्थापक टेबलावर पेन वाजवत म्हणाले, “नाट्यगृहाचं पन्नासावं वर्ष आहे बाई, ‘वजन’ पुन्हा व्हायलाच हवं,” तेव्हा त्या “करू” म्हणून मोकळ्या झाल्या. आपण काय कबूल करून बसलो हे त्यांच्या लक्षात आलं ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, उजव्या खुब्यातून कळ निघाली तेव्हा.

बाईंचं वय एकोणसाठ. त्यातली जवळपास चाळीस वर्षं नाच बसवण्यात गेलेली. वर्तमानपत्रवाले त्याला ‘समकालीन नृत्य’ म्हणत आणि बाईंची आई, होती तोवर, ‘लोळणं’ म्हणायची. “आमची थोरली लोळते आणि लोक तिकीट काढून बघतात,” असं ती आल्यागेल्याला सांगायची. त्यात तक्रार किती आणि कौतुक किती, हे बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

सुरुवात झाली होती एका बंद पडलेल्या गोदामात. खाली सिमेंटची फरशी, वर पत्रा, आणि गुडघे फोडून घ्यायला तयार असलेली पाच माणसं. पहिल्या काही प्रयोगांना तर नाचणारे जास्त आणि बघणारे कमी. मग एकतिसाव्या वर्षी बाईंनी ‘वजन’ बसवलं आणि सगळं पालटलं. दोनच माणसं, एक पुरुष आणि एक बाई. अठरा मिनिटं. आणि त्या अठरा मिनिटांत बाईचा पाय एकदाही जमिनीला लागत नाही. तो तिला खांद्यावर घेतो, पाठीवर घेतो, मांडीवर तोलतो, हातावरून या बाजूला नि त्या बाजूला करतो, पण खाली ठेवत नाही. ती बाई म्हणजे स्वतः बाईच. एकशे चाळीस प्रयोग झाले. लोक श्वास रोखून बघायचे.

त्यानंतर बाईंनी आणखी तीसेक रचना केल्या. काही ‘वजन’पेक्षा चांगल्या होत्या, असं त्यांचं मत. पण कुठेही गेलं तरी ओळख करून देणारा म्हणायचा, “‘वजन’वाल्या बाई.” ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. आता स्पर्धांना परीक्षक म्हणून जायचं, कचेरीतल्या लोकांना दोन दिवसांच्या शिबिरात खांदे सैल सोडायला शिकवायचं, कुठे उद्घाटन असलं की चाळीस मुलांना रंगीत कापडं देऊन इकडून तिकडे पळवायचं. काम होतं. कामाला तोटा नव्हता. फक्त सकाळी उठून बूट घालताना वाटायचं, कशाला?

*

तालमीची खोली एका छापखान्याच्या वर होती. यंत्रं सुरू झाली की लाकडी फरशीला बारीक थरथर सुटायची. बाईंनी आपल्या नृत्यपथकातले दोघं निवडले. मुलगा इतका उंच की सगळे त्याला जिराफ म्हणत. मुलगी सडपातळ, चपळ, ती भिंगरी. दोघंही बावीस-चोवीसचे, दोघंही कामाला वाघ.

‘वजन’ची एकच चित्रफीत शिल्लक होती. कुणीतरी वरच्या मजल्यावरून काढलेली, धुरकट. पहिली दहा मिनिटं दोघांनी तीन आठवड्यांत उचलली. बाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसून सांगत, उठून दाखवत, पुन्हा बसत. उठणं आणि बसणं यांतलं अंतर रोज थोडं वाढत होतं.

अकराव्या मिनिटाला घोडं अडलं.

तिथे ती त्याच्या उजव्या खांद्यावर आडवी असते. तिथून ती मागे कलंडते, डोकं खाली, त्याच्या पाठीवरून घसरत थेट जमिनीकडे येते, केस फरशीला लागतात, प्रेक्षकांना वाटतं गेली! आणि तेवढ्यात ती त्याच्या डाव्या बगलेखालून पुढे येते, सरळ, त्याच्या छातीला पाठ लावून. याच क्षणाचा फोटो सगळीकडे छापून आला होता. बाईंनी कितीतरी मुलाखतींत यावर सांगितलं होतं. गुरुत्वाकर्षण, स्त्रीचं पडणं, विश्वास, वगैरे.

भिंगरी चार वेळा पडली. पाचव्यांदा जिराफाने तिला दंडाला धरून कसंबसं वाचवलं. दंडावर त्याची पाच बोटं उमटली.

“बाई,” कपाळावरचा घाम पुसत जिराफाने विचारलं, “त्यांचा हात नेमका कुठे असायचा?”

बाईंनी चित्रफीत मागे नेली. पुन्हा बघितली. कॅमेरा समोरून, जे काही घडत होतं ते त्याच्या पाठीमागे.

“इथे,” त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या कमरेला हात लावला. मग तो हात मांडीवर नेला. मग नुसताच हवेत धरला.

“कमरेला धरून बघितलं,” जिराफ म्हणाला. “नाही येत.”

एकशे चाळीस वेळा बाई त्या खांद्यावरून खाली आल्या होत्या. त्यांना आठवत होते वरचे दिवे, मग उलटं झालेलं नाट्यगृह, खुर्च्या छताला लटकलेल्या. पोटात पडलेला खड्डा. आणि मग खड्डा नाही. मधलं काय? मधलं त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांना कोणीतरी धरायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. कुठे, कसं, कशाच्या जोरावर, हे विचारायची वेळ कधी आली नव्हती.

“आज पुरे,” त्या म्हणाल्या. “मी बघते.”

*

ज्याने धरलं होतं, त्याला त्या काळी सगळे खांब म्हणत. नाचात यायच्या आधी तो पोहण्याच्या तलावावर शिक्षक होता. उंचीने बेताचा, रुंद, बोलायला कमी. आणि तो बाईंच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता. धाकटी तेव्हा पथकाचे कपडे शिवायची. दौऱ्यावर इस्त्री करता करता तिने त्याला पसंत केला आणि घरी सांगून टाकलं. आई म्हणाली होती, “एक लोळते, दुसरीने लोळणाऱ्याला गाठला.”

एकशे चाळिसाव्या प्रयोगानंतर खांबाची पाठ गेली. त्याने एक महिना मागितला. बाईंनी दिला नाही; पुढे मोठा दौरा ठरला होता. दुसऱ्या एका नर्तकाला घेतलं, अकरावं मिनिट गाळून टाकलं, दौरा केला, आणि मग ‘वजन’ कायमचं बंद केलं. बाई त्याला बघायला गेल्या नाहीत. आधी वेळ नव्हता म्हणून, मग उशीर झाला म्हणून, मग इतका उशीर झाला की जायला तोंडच उरलं नाही म्हणून. बहिणी-बहिणी लग्नकार्यात एकमेकींना दिसत. आई गेली तेव्हा चार दिवस एका घरात होत्या, पण कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत याखेरीज बोलणं झालं नाही.

बाईंनी फोन लावला. तीनदा वाजून चौथ्यांदा उचलला गेला.

“मी बोलतेय.”

“नंबर दिसतो मला,” धाकटी म्हणाली. “कोण गेलं?”

“कोणी गेलं नाही गं. मला त्याच्याशी जरा काम होतं.”

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. “सत्तावीस वर्षांनी काम निघालं?”

“हो.”

“कामावर आहे तो. दुपारी तीनपर्यंत असतो. मोठ्या हॉस्पिटलात, मागच्या इमारतीत, दुसरा मजला. जा तिथेच.”

“तुला चालेल ना?”

“ताई,” धाकटी म्हणाली, “विचारायची सवय तुला केव्हापासून लागली?” आणि फोन ठेवला.

*

मागच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. दोन मजले चढून जाईपर्यंत बाईंचा जीव मेटाकुटीला आला. वर एका लांबट खोलीत सहा पलंग मांडलेले, एका पलंगावर वाळू भरलेला कापडी माणूस, आणि भोवती पंधरा-वीस वॉर्डातल्या आया, ब्रदर, मामा. मध्ये खांब. केस पांढरे, पोट थोडं सुटलेलं, आणि पाठ अशी ताठ की जणू शर्टाच्या आत फळी घातली आहे.

तो शिकवत होता. माणसाला पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं, खुर्चीतून उभं कसं करायचं, घसरणाऱ्याला कसं धरायचं.

“ओढायचं नाही,” तो सांगत होता. “ओढलं की तोही घाबरतो आणि तुमची कंबरही जाते. तो जिकडे पडतोय तिकडे आधी तुम्ही जायचं. मग त्याला सोबत घेऊन यायचं.”

त्याचं लक्ष दाराकडे गेलं. तो क्षणभर थांबला, पण चेहऱ्यावर काही हललं नाही.

“बरं झालं आलीस,” तो म्हणाला. “या वाळूच्या माणसाची मान फाटलीये. झोप इथे.”

“मी?”

“दुसरं कोण? चांगला अनुभव आहे तुला.” मग वर्गाकडे वळून, “या मॅडम आजच्या पेशंट. उजवा खुबा दुखतोय त्यांचा. चालण्यावरून ओळखलं का कोणी? नाही? ओळखायला पाहिजे.”

बाई पलंगावर झोपल्या. वर पांढरं छत, पंखा. खांबाने स्वतः उचललं नाही. एका जाडजूड आयाबाईला त्याने पुढे घेतलं आणि तिचे हात नुसते आपल्या हातांनी जागेवर ठेवले. एक खांद्याच्या पात्याखाली. दुसरा गुडघ्याच्या जरा वर, मांडीच्या मागे.

“आणि आता श्वास सोड,” तो तिला म्हणाला. “पेशंटच्या आधी तू सोडायचा. तू सोडलास की तोही सोडतो.”

आयाबाईने श्वास सोडला. बाईंनी सोडला. आणि त्या कधी उचलल्या गेल्या, कधी खुर्चीत आल्या, हे त्यांना कळलंही नाही. खुब्यातून कळ आली नाही. खुर्चीत बसून त्या समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि पंधरा-वीस माणसं बघत होती, म्हणून त्या उगीच खोकल्या.

“दुखलं का मॅडम?” आयाबाईने घाबरून विचारलं.

“नाही हो,” बाई म्हणाल्या. “मुळीच नाही.”

वर्ग सुटल्यावर दोघं बाहेरच्या बाकावर चहा घेऊन बसले. खांब बसला म्हणजे आधी एक हात बाकावर टेकवून, मग दुसरा, मग सगळा एकदम.

“अकरावं मिनिट,” बाई म्हणाल्या.

“मला वाटलंच.”

“हात कुठे असायचा तुझा?”

“आता दाखवला की.” त्याने चहा फुंकला. “तुला आठवतं, ते आलं कुठून?”

“कुठून म्हणजे? मी बसवलं.”

“आठवा प्रयोग होता. तू पुढून खाली यायचीस तेव्हा, छातीवरून. त्या दिवशी माझ्या खांद्याला घाम, तू मागच्या मागे निसटलीस. मी सापडेल तिथे धरलं. मांडी सापडली. तशीच ओढून पुढे घेतली. लोक ओरडले. विंगेत येऊन तू म्हणालीस, ‘हे ठेवू या.’”

बाईंना ती विंग आठवली. काळा पडदा, पावडरचा वास, आपलेच शब्द. गेली अठ्ठावीस वर्षं ते शब्द तिथेच होते आणि त्यांनी तिकडे पाठ करून मुलाखती दिल्या होत्या.

“मी ते गुरुत्वाकर्षण की काय म्हणायचे,” त्या हळूच म्हणाल्या.

“वाचायचो मी,” खांब म्हणाला. “मला मजा वाटायची. मनात म्हणायचो, घामाला काय झकास नाव दिलंय!”

तो हसला. बाईही हसल्या, पण त्याच्याएवढ्या नाही.

“मी एक महिना मागितला होता,” मग तो म्हणाला, त्याच आवाजात.

“हो.”

“‘बघते’ म्हणालीस. आणि सोमवारी माझ्या जागी दुसरा उभा होता. मला कोणी सांगितलंही नाही. मी कपड्यांची पिशवी घेऊन आलो होतो.”

बाईंनी सांगण्यासारखं काहीतरी शोधून बघितलं. दौरा, तारखा, पथकाचं पोट. सगळं खरंच होतं, पण त्यातलं काही उचलून त्याच्यासमोर ठेवावं असं वाटेना.

“तू येशील का तालमीला?” त्यांनी विचारलं. “उचलायचं नाही. नुसतं सांगायला.”

“तिला विचार.”

“तिची परवानगी लागते तुला?”

“परवानगी नाही लागत. पण तिला विचारलं गेलं पाहिजे. त्या वेळी कोणी विचारलं नव्हतं.”

*

धाकटीने दार उघडलं आणि आत गेली. बाई मागोमाग. स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिवणयंत्र, एका बाजूला कोणाच्या तरी पडद्यांचा ढीग. धाकटीचे केसही पिकले होते. बाईंना एकदम आईच बसल्यासारखी वाटली.

“फोन आला त्याचा,” धाकटी कात्री शोधत म्हणाली. “विचारायला येणार आहेस म्हणाला. विचार.”

“मी त्याला तालमीला नेऊ का?”

धाकटीने दोरा ओवला. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा गेला.

“सत्तावीस वर्षं रोज सकाळी त्याचे मोजे मी घालते,” ती म्हणाली. “त्याला वाकता येत नाही. मी घरी नसले की शेजारच्यांकडे न जाता तसाच बूट घालून जातो, अभिमान आहे ना. हे तुला माहीत असावं म्हणून सांगते. दुसरं काही नाही.”

“माझं चुकलं गं,” बाई म्हणाल्या.

“माफीबिफी नको मला. इतकी वर्षं मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडलेय, ताई, की तुझी सगळी उत्तरं मला पाठ आहेत. माफी मागतेस तेही पाठ आहे.” तिने कापड सुईखाली सरकवलं, पण यंत्र चालवलं नाही. “मी दमले. खरंच दमले तुझ्यावर चिडून. भाजी निवडताना चिडायचं, बस येत नाही म्हणून तुझ्यावर चिडायचं. किती दिवस?”

बाई तिच्यासमोरच्या खुर्चीत बसल्या. ढिगातला एक पडदा ओढून त्याची घडी घालू लागल्या. अवघडलेपण वाटायलासुद्धा थोडी ताकद लागते. ती दोघींकडेही नव्हती.

“ने त्याला,” शेवटी धाकटी म्हणाली. “टीव्ही बघताना उशी उचलत बसतो. इकडून तिकडे, तिकडून इकडे. विचारलं तर म्हणतो, काही नाही. मला काय कळत नाही? ने. पण उचललंन काही, तर गाठ माझ्याशी आहे.”

*

खांब आठवड्यातून तीन दिवस येऊ लागला. एका उंच स्टुलावर बसायचा आणि हातांनी सांगायचा. बाई आपल्या खुर्चीत. आणि रोज त्यांना नवं काहीतरी कळायचं. तिसऱ्या मिनिटाला आपण हवेत तरंगल्यासारख्या दिसायचो, तेव्हा खालच्या माणसाचं सगळं वजन डाव्या पायाच्या अंगठ्यावर असायचं. सातव्या मिनिटाला आपला हात डौलात वर जायचा, तेव्हा तो दात आवळून तीन अंक मोजायचा. आपल्याच नाचाची ही दुसरी बाजू बाई पहिल्यांदा बघत होत्या. नाच चांगला होता. आणि अर्धा त्यांचा नव्हता.

अकरावं मिनिट जिराफाला दोन दिवसांत आलं. भिंगरी खांद्यावरून कलंडली, गेली, गेली, आणि समोर आली. छापखान्याची यंत्रं बंद असावीत तशी शांतता झाली. भिंगरी स्वतःच टाळ्या वाजवायला लागली.

“छान,” खांब म्हणाला. “आता हे करायचं नाही.”

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

“बगलेखालून पुढे येताना इथे हिने डावा पाय टेकवायचा,” तो स्टुलावरून उतरला आणि फरशीवर पायानेच जागा दाखवली. “एक क्षण. वजन जमिनीला द्यायचं आणि मग परत घ्यायचं.”

“पण सर,” भिंगरी म्हणाली, “पाय न टेकणं हेच तर ‘वजन’ आहे.”

“हो. आणि माझी पाठ इथेच गेली. एका दिवसात नाही गेली. एकशे तेहेतीस वेळा थोडी थोडी गेली.” तो जिराफाकडे वळला. “तुझं वय काय? चोवीस? आज काही होणार नाही. पुढच्या महिन्यातही होणार नाही.”

जिराफाने बाईंकडे पाहिलं. “मला जमतंय बाई. मी करीन.”

हे वाक्य बाईंनी या आधीही ऐकलं होतं, आणि ऐकून त्यांना नेहमी बरंच वाटलं होतं. त्यांनी त्या पोराच्या लांबलचक पाठीकडे बघितलं. घामाने बनियन चिकटलं होतं, मणका न् मणका दिसत होता.

“पाय टेकवायचा,” बाई म्हणाल्या.

“बाई!”

“टेकवायचा म्हटलं ना. पुन्हा सुरुवातीपासून घ्या.”

व्यवस्थापकांना मात्र हे पचेना. त्यांनी पत्रकाचा मजकूर समोर धरला. ‘अठरा मिनिटं, जमिनीला पाय न लावता!’ खाली मोठ्या अक्षरांत बाईंचं नाव.

“लोक त्यासाठीच येणार आहेत,” ते म्हणाले. “एका क्षणाचा तर प्रश्न आहे. पूर्वी होत होतं, आता का नाही?”

“पूर्वी जो करत होता तो आज स्वतःचे मोजे घालू शकत नाही, म्हणून.”

बाईंनी त्यांच्याच हातातला पेन घेतला, ती ओळ खोडली आणि आपल्या नावाच्या शेजारी खांबाचं खरं नाव लिहिलं. लिहिताना त्यांना एक क्षण थांबावं लागलं. त्या नावाने त्याला हाक मारून जमाना झाला होता.

*

प्रयोग रविवारी दुपारी झाला. नाट्यगृह भरलं होतं. पुढच्या रांगांत पिकलेली डोकी, मागे तरुण मंडळी. बाई विंगेत उभ्या राहिल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्या आपला नाच बघायला खुर्चीत बसल्या, शेवटून दुसऱ्या रांगेत. शेजारी खांब, त्याच्या पलीकडे धाकटी.

दहा मिनिटं लोक जागचे हलले नाहीत. मग भिंगरी खांद्यावरून कलंडली, खाली गेली, आणि पुढे येताना तिचा डावा पाय फरशीला टेकला. तळवा पूर्ण. जिराफाने श्वास सोडला, ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. मग त्याने तिला परत घेतलं.

पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “टेकला!” आवाजात सरळ सरळ निराशा होती. एक-दोघांनी वळून पाहिलं. काही जण हळूच एकमेकांशी बोलले. बाईंना ते लागलं, नाही असं नाही. पण शेजारी खांब दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसला होता. पाय टेकला त्या क्षणी त्याचे हात नकळत वर उचलले गेले, आणि मग सैल पडले. अठराव्या मिनिटापर्यंत ते तसेच सैल राहिले.

टाळ्या झाल्या. पूर्वीसारख्या नाही, पूर्वी लोक उभे राहायचे.

बाहेर आल्यावर बाईंनी धाकटीला विचारलं, “कसं वाटलं?”

“मला कधीच आवडलं नव्हतं ते,” धाकटी म्हणाली. “तू वर आणि माझा नवरा खाली. आजही नाही आवडलं. पण आज पोटात गोळा नाही आला. ती पोरगी बरी आहे. कपडे मात्र कोणी शिवलेत? बगलेत किती ओढत होते!”

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात आलं, की रचनाकारांनी ऐन मोक्याच्या जागी कच खाल्ली, पूर्वीची धार राहिली नाही. बाईंनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि पेपर घडी करून ठेवला. पूर्वी असं काही छापून आलं की त्यांना आठवडाभर घास गिळवत नसे. आज भूक लागली होती.

दुपारी व्यवस्थापकांचा फोन आला. तीन शहरांतून मागणी होती, पण सगळ्यांना जुनंच हवं होतं, पाय न टेकणारं.

“ते आता होत नाही,” बाई म्हणाल्या.

“विचार करून सांगा. घाई नाही.”

“नाही,” बाई म्हणाल्या आणि व्यवस्थापक समजूत घालायच्या आत त्यांनी फोन खाली ठेवला.

मग त्या दिवाणावर आडव्या झाल्या. पाच मिनिटं पाठ टेकावी म्हणून. उन्हाची तिरीप भिंतीवरून हळूहळू सरकत होती आणि तालमीची वेळ होत आली होती, पण आज तालीम नव्हती. डोळा कधी लागला कळलं नाही. जाग आली ती पुन्हा फोनच्या आवाजाने.

“झोपली होतीस?” धाकटीच्या आवाजात काळजी होती की संशय, कोण जाणे. “दुपारची? बरी आहेस ना?”

“बरी आहे. दमलेय.”

“मग झोप. मला काही विशेष नव्हतं बोलायचं. नंतर करते.”

बाई कूस बदलून पुन्हा झोपल्या. आणि दिवेलागणीला धाकटीने खरंच फोन केला.